क्वागा आणि बिबट्या

१८८३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत क्वागा जातीची एक मादी मेली. क्वागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेंतील एक प्रकारचा झेब्रा. त्याच्या मानेवरचे पट्टे ठळक असत व पाठीकडे ते तपकिरी रंगांत विरून जात. गुरांच्या वांट्याचें गवत खातो म्हणून, आणि कातड्याच्या लोभानेंहि, वसाहतवाल्यांनीं त्याचा संहार केला. त्या मादीबरोबर ही जातच संपली, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं. कारण तिकडे इतर झेब्र्यांनाहि लोक क्वागाच म्हणत. नांव कानीं पडत होतें, तेव्हां प्राणीहि असणारच, असें सर्वांनीं गृहीत धरलें.

झेब्रा आपल्या रानांत नाहीं. परंतु मिरा-भाईंदरच्या शेजारास बिबट्या आहे. शहराच्या पूर्वेस, काशिमिऱ्याला लागून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें अरण्य आहे. २०१५ सालीं तेथें व आसपासच्या परिसरांत ३५ बिबटे मोजले गेले. कायद्यानें त्यांस १९७२ पासून संरक्षण आहे. तरीहि बिबट्या वस्तींत दिसला कीं, ‘त्याला पकडा आणि दूर नेऊन सोडा’ अशी ओरड होते.

ही भीति खोटी नव्हे. २००२ ते २००४ या काळांत याच अरण्याच्या कडेस बिबट्यांनीं अनेकांचे प्राण घेतले. ज्या घरांतील मूल गेलें, त्याला प्राणिदयेचा उपदेश करणें क्रूरपणाचें होय. पण प्रश्न उपायाचा आहे. जुन्नरकडील बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडले, तेव्हां हल्ले घटण्याऐवजीं वाढले, असें अभ्यासकांस आढळलें. ओळखीच्या मुलखांतून उपटलेलें जनावर बिथरतें, आणि त्याच्या रिकाम्या जागीं दुसरें येतें.

खरें मूळ उकिरड्यांत आहे. उघड्या कचऱ्यावर मोकाट कुत्रीं पोसतात आणि कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. कचरा वेळेवर उचलावा, तिन्हीसांजेनंतर मुलांस एकटें बाहेर सोडूं नये, वाटेवर उजेड असावा, आणि बिबट्या दिसल्यास गर्दीनें त्याला कोंडीत न धरतां वनखात्यास कळवावें. एवढें केल्यास माणूस व जनावर दोघेहि वांचतील. याच मुलखांतील वारली लोक वाघोबाला देव मानून पिढ्यानपिढ्या रानाच्या कुशींत राहात आले. भय त्यांनाहि होतें. परंतु शेजाऱ्याची मर्यादा ओळखूनच त्यांनीं आपला संसार केला.

भारतांतील चित्ता १९५२ सालीं नामशेष झाल्याचें जाहीर झालें. पुढें २०२२ सालीं आफ्रिकेंतून चित्ते आणावे लागले. क्वागाच्या बाबतींत तर तेवढीहि सोय उरली नाहीं. बिबट्या अद्याप दारांत आहे. त्याची मोजदाद आणि त्याची मर्यादा, दोन्ही आजच सांभाळलीं पाहिजेत.