पिकाच्या पाण्याचा हिशेब
(वसईतील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



वसई-विरारच्या माणसाला किती पाणी लागते, असे विचारले की दरडोई दररोज १३५ लिटर हे सरकारी माप तत्काळ पुढे येते. वाडीतल्या केळीला किती लागते, याचे उत्तर मात्र ‘विहिरीत असेल तेवढे’ असे मिळते. ज्याची गरज आकड्यात मांडलेली नसते, त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. सूर्या प्रकल्प मुख्यतः सिंचनासाठी आखला गेला. आज त्याचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते.

वस्तुतः हे मोजणे अवघड नाही. हवामान केंद्रात सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोलीचे उघडे पात्र ठेवतात व रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाणी किती उतरले ते पाहतात. पाऊस पडला असेल, तर तोही हिशेबात धरतात. उघडे पाणी आणि हिरवे रान यांतून पाणी सारखे उडत नाही, म्हणून त्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणतात. (वारा, दमटपणा, पात्राभोवतालची जमीन यांप्रमाणे हा गुणक बदलतो, देशावरचे कोष्टक दमट किनाऱ्याला जसेच्या तसे लावणे हा निव्वळ आळस होय.) मग पिकाचा गुणक, भरात आलेल्या केळीसाठी तो १.१ च्या आसपास असतो. समजा, उन्हाळ्यात एका दिवशी पात्रातले पाणी ६ मिलिमीटर उतरले. तर केळीची गरज सुमारे ४.६ मिलिमीटर, म्हणजे एकरी जवळजवळ १८,७०० लिटर झाली. दहा हजार लिटरचे दोन टँकर थोडे कमी भरावेत, इतके हे पाणी.

आकडा सोयीचा नाही, हे मान्य केले पाहिजे. एवढ्यात १३८ माणसांची रोजची गरज भागते, असे उद्या कोणीही म्हणेल. तेव्हा हिशेब अर्ध्यावर सोडता कामा नये. पिकाने हवेत सोडलेले पाणी गेले, हे खरे. परंतु पाटाने गरजेपेक्षा जास्त दिलेल्या पाण्यातला बराच भाग मुरून पुन्हा भूजलात मिळतो. टँकरमधून गेलेले पाणी त्या विहिरीकडे परतत नाही. आणि किनाऱ्यालगत मुरणाऱ्या पाण्याहून उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. मग वाडीबरोबर गावाची घागरही नासते. म्हणून तुलना पंप किती तास चालला याची नव्हे, परत न येणाऱ्या पाण्याची व्हावी.

ठिबकने उघड्या मातीवरून उडणारे पाणी वाचते, पान पिते ते वाचत नाही. ठिबक बसवल्यामुळे शहरासाठी अर्धे पाणी मोकळे झाले, असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला कार्यकर्त्याने एवढेच विचारावे: यातले मातीचे किती, आणि पानाचे किती?