वनाचा आराखडा आणि गावाची संमती



सार्वजनिक जमिनीच्या नियोजनात लोकांचा सहभाग असावा, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. मतभेद होतात ते हा सहभाग कोठून सुरू व्हावा आणि कोठवर जावा, याविषयी. आराखडा कचेरीत तयार व्हावयाचा आणि ग्रामसभेने अखेरीस त्यावर अंगठा उठवावयाचा, यालाही काही ठिकाणी लोकसहभाग म्हटले जाते! गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

पाचशेच्या आत लोकवस्तीचे हे गोंड आदिवासींचे गाव. सभोवार बांबूचे समृद्ध वन. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यावयाचा, असा येथील ग्रामसभेचा दंडक आहे. गावाचे अभ्यासगट बाहेरच्या जाणकारांनाही चर्चेस बोलावतात. निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो. एकमत न झाल्यास विषय पुन्हा चर्चेस येतो. ही रीत वेळखाऊ खरी. परंतु जो नियम सर्वांनी मिळून केला, तो मोडणाऱ्यास ‘मला कोणी विचारले नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. वनरक्षणाच्या कामी याचे मोल मोठे आहे.

वनहक्क मान्यता अधिनियम २००६ साली संमत झाला. त्यानुसार २००९ साली मेंढा गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. वनाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्यात आला. कायद्याने बांबूही गौण वनोपजांत गणला होता. तथापि, बांबू गावाबाहेर विक्रीस न्यावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हाती! हक्क गावाचा, परंतु फाटक उघडणारा दुसराच, अशी ही स्थिती जवळजवळ दोन वर्षे राहिली. ग्रामसभेने कायद्याचा आधार घेऊन पाठपुरावा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

बांबू कोठून, किती व केव्हा तोडावा हे ठरविणे आणि तो बाजारात पाठविणे, ही दोन्ही कामे त्यानंतर एकाच सभेच्या अधिकारात आली. त्या सभेवरील गावकऱ्यांचा विश्वास असा की, २०१३ साली त्यांनी आपली खाजगी शेतजमीनही महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले.