उत्तम शिक्षकाचें लक्षण

उत्तम शिक्षक कोणास म्हणावें, असा प्रश्न निघाला म्हणजे उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. विषयाचें ज्ञान सखोल हवें, वाणी स्पष्ट हवी, वर्गावर वचक हवा आणि आचरण निष्कलंक हवें. ह्यांतील एकही गुण उणा लेखण्याजोगा नाहीं. परंतु हे चारही गुण अंगीं असलेल्या शिक्षकाच्या वर्गांतसुद्धां कांहीं मुलें वर्षभर कोरींच राहतात, आणि त्यांतलीं कांहीं तर एके दिवशीं वर्गांतून नाहींशीं होतात. अशा वेळीं शिक्षक काय करतो, ह्यावरून त्याची खरी पारख होते. सामान्य शिक्षक हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करून पुढच्या नांवाकडे वळतो. उत्तम शिक्षक त्या नांवापाशींच थांबतो आणि तें मूल कां आलें नाहीं, हें पाहावयास निघतो.

ह्या एका सवयीनें शिक्षणाचें रूप किती पालटतें, ह्याची साक्ष बोर्डी व कोसबाड ह्या दोन गांवांत मिळते. ताराबाई मोडक ह्यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईस झाला. भावनगर येथें गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासांत त्यांनीं बालशिक्षणाचें कार्य केलें, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मिळविलेल्या लौकिकावर शहरांत स्वस्थ राहतां आलें असतें. परंतु वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ सालीं, त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी ह्या समुद्रकांठच्या गांवीं त्यांनीं बालवाडी काढिली. पुण्यास शिक्षिका म्हणून अनेक वर्षें घालविलेल्या अनुताई वाघ तेथेंच त्यांस येऊन मिळाल्या.

बालवाडी निघाली खरी, पण गोरगरिबांचीं मुलें तिच्याकडे फिरकेनात. ह्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाहीं, असा निकाल देऊन मोकळें होणें सोपें होतें. ह्या दोघींनीं तसें केलें नाहीं. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें आणि वस्तींतल्या अंगणांतच वर्ग भरूं लागला. आधीं मुलांची स्वच्छता, मग गाणीं, गोष्टी आणि खेळ, असा तो क्रम. हीच अंगणवाडी. पुढें १९७५ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या बालविकास योजनेच्या केंद्रांसही हेंच नांव मिळालें आणि तें देशभर रूढ झालें.

१९५७ सालीं हें कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलांस दिवसा गुरें राखावीं लागत. म्हणून गुरें चरत तेथेंच, कुरणांत, शिकविण्याची व्यवस्था झाली. तिला कुरणशाळा हें नांव पडलें. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटें भावंड असे. तें टाकून ती शाळेंत येणार कशी? तेव्हां पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणणारी विकासवाडी उभी राहिली. ह्या योजनांचीं नांवें निराळीं, परंतु मूळ एकच: मुलाचा दिवस कसा जातो, हें आपल्या डोळ्यांनीं पाहणें.

शिकविण्याच्या साधनांविषयींही हीच दृष्टि दिसते. माँटेसरी पद्धतीचीं रेखीव साधनें महाग पडत. त्यांच्या जागीं बिया, पानें, शिंपले, खडे आणि माती आलीं. ह्यांत काटकसर होतीच, परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, त्या वस्तु मुलाच्या ओळखीच्या होत्या. सांजवेळीं सगळीं गुरें बिनचूक घरीं आणणाऱ्या मुलास मोजतां येत नाहीं, असें कसें म्हणावें? त्याला परके असतात ते फळ्यावरचे आंकडे. जें त्याला येतें तेथून आरंभ करणारा शिक्षकच त्याला न येणाऱ्या गोष्टीपर्यंत नेऊं शकतो.

दुसरी सवय स्वतः शिकत राहण्याची. अनुताईंस बालवयांतच वैधव्य आलें. नोकरी करीत असतां त्यांनीं पुढील परीक्षा दिल्या, आणि १९६१ सालीं, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या पदवीधर झाल्या. जो शिक्षक स्वतः विद्यार्थी राहतो, त्याला न समजण्याचें दुःख परकें होत नाहीं.

शहरांतील शाळांस हें उदाहरण दूरचें वाटेल. तेथें मुलें बांकावर बसलेलीं असतात. हजेरीपट भरलेला असतो. परंतु देहानें हजर असलेलें मूल मनानें गैरहजर असूं शकतें. एकाला फळा नीट दिसत नसतो, दुसऱ्याला हंसें होण्याची भीति असते, तिसऱ्याच्या घरची बोली पुस्तकांतल्या भाषेहून वेगळी असते. पन्नास मुलांच्या वर्गांत प्रत्येकाच्या घरीं जाणें शक्य नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. पण वही तर रोज हातांत येते. एखादें मूल बावन्नांतून अडतीस वजा करून सव्वीस लिहितें. तांबड्या शाईची फुली मारली म्हणजे काम संपलें असें वाटतें. तेंच उत्तर क्षणभर न्याहाळलें तर दिसतें कीं, दोहोंतून आठ जात नाहींत म्हणून मुलानें आठांतून दोन वजा केले आहेत. तो निष्काळजीपणा नव्हे. मुलानें मनाशीं बसविलेला तो एक नियम आहे. तो चुकीचा आहे, पण तो सांपडल्यावांचून खरा नियम शिकवितां येत नाहीं.

पालकांचाही ह्यांत वांटा आहे. शिक्षकाची भेट झाली म्हणजे बहुतेक घरांतून गुणांची चौकशी होते. त्याऐवजीं, मूल कोठें अडतें आणि कशांत रमतें, असें विचारावें. ज्या शिक्षकाला ह्याचें उत्तर देतां येतें, त्याचा पगार, पदवी वा हुद्दा कांहींही असो, त्याच्या हातीं मूल निर्धास्तपणें सोंपवावें. ताराबाई १९७३ सालीं व अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या. शासनानें दोघींचाही पद्म पुरस्कारांनीं गौरव केला. परंतु कुरणांत गुरांमागें हिंडणाऱ्या ज्या मुलाची विचारपूस करावयास शिक्षिका टेकडी चढून गेली, त्या मुलाच्या लेखीं तिचें जाणें हाच तिचा मोठेपणा होता.