लाव्हाने घडवलेली गुहा
आइसलँडच्या पश्चिम भागात, वस्तीपासून दूर, सुर्त्सहेत्लिर ही सुमारे २ किलोमीटर लांबीची गुहा आहे. साधारण ११०० वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचा लोंढा वाहत आला. हवेने थंड होऊन त्याचा वरचा थर सायीसारखा घट्ट झाला. आतला तप्त रस मात्र पुढे वाहून गेला आणि पोकळ बोगदा उरला. व्हायकिंग काळातलं दगडी बांधकाम आणि जनावरांची हाडं इथे सापडली आहेत.

जायचं तर उन्हाळा सोयीचा. छत कोसळून पडलेल्या शिळांवरून चालावं लागतं. काही ठिकाणी बर्फही असतो. म्हणून हेल्मेट, जाड तळाचे बूट आणि दोन विजेऱ्या हव्यातच. एकट्याने उतरू नका, आणि आतला एकही दगड हलवू नका.