कामाशिवायचा रस्ता

आमच्या घरातल्या बायका खूप प्रवास करायच्या, असं मी म्हटलं तर ते खोटं नाही. बाळंतपणाला माहेरी, लग्नाला, मयताला, उरुसाला मिरजेला, डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला. माझी अम्मा निपाणीची. मुरगुडापासून निपाणी ती काय लांब! पण १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि निपाणी पलीकडं गेली. त्यामुळं अम्माचं माहेर म्हणायला परराज्यात. एवढा एक रस्ता तिनं एस.टी.नं शेकडो वेळा तुडवला. दर वेळी त्याच्या टोकाला काहीतरी काम होतं. काम नसताना बाई गावाबाहेर पडली, अशी एक गोष्ट मी आमच्या घरात ऐकलेली नाही. पुरुषांचं वेगळं. ते ‘जरा स्टँडवर जाऊन येतो’ म्हणून निघायचे आणि दुपारी जेवायला उगवायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, स्टँडवर काय काम होतं म्हणून.

श्रोतेहो, म्हणूनच गेल्या दिवाळीनंतर माझी लेक म्हणाली, ‘अम्मी, रविवारी गाडी काढते, आपण दोघी फिरून येऊ,’ तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘कुणाकडं?’

‘कुणाकडंच नाही. नुसतं जायचं.’

तिनं मोबाईलवर आयर्लंडमधल्या एका मायलेकींची सफर बघितली होती. अरुंद रस्ते, दोन्हीकडं दगडी गडगे, हिरवी कुरणं, मधेच वाट अडवून उभ्या राहिलेल्या मेंढ्या. आपणही तसंच जाऊ म्हणाली. गाडी सेकंडहँड, पण तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेली. मला चालवता येत नाही. मी शेजारी बसणार.

सकाळी पिशवीत चपाती-भाजी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन निघालो, तर शेजारची दारात उभी. ‘भाभी, कुणाचं काय झालं?’ तिचा चेहरा खरोखरच काळजीनं भरलेला. ‘काही नाही, फिरायला चाललोय,’ म्हटलं. तिला ते पटलं नाही. वाईट बातमी मी लपवते आहे, असं तिला वाटलं असणार.

मुरगूड सोडलं की थोड्याच वेळात आदमापूर लागतं. बाळूमामांचं ठिकाण. बाळूमामा १९६६ साली गेले, पण त्यांची बकरी अजून गावोगाव हिंडतात. आमच्याकडं मेंढ्यांनाही बकरीच म्हणतात, आणि कळपाला बग्गा. आपल्या रानात बग्गा बसला की शेतकऱ्याला धन्य वाटतं. त्या दिवशी आदमापूरच्या अलीकडंच एक कळप रस्त्यावर आला आणि आमची गाडी मधोमध अडकली. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, गाणी मोठ्यानं लावलेली. लेक हसत सुटली. ‘अम्मी, आलं बघ आयर्लंड!’

आयर्लंडवरून मला एक बाई आठवली. मी तिच्याविषयी वाचलं होतं, तेच लेकीला सांगितलं. लिस्मोर गावची डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला तिला एक सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि पोरीनं ठरवलं, सायकलवर हिंदुस्थानात जायचं. पण चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आई संधिवातानं जागेला खिळलेली, तिचं सगळं हिनंच करायचं. ते करता करता तिशी ओलांडली. १९६२ साली आई वारली आणि १९६३च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ही सायकलवर टांग मारून निघाली ती दिल्लीला पोचली. पुढं १९७३ मध्ये ती पुन्हा भारतात आली, तेव्हा बरोबर पाच वर्षांची लेक होती. मुंबईत उतरून दोघी दक्षिणेला कोडगूपर्यंत गेल्या. डर्व्हला २०२२ साली गेली.

लेक ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे आईबरोबर तिला कुठं जाता आलं नाही. मुलीबरोबर गेली.’ मी एवढा विचार केला नव्हता.

मुदाळ तिट्ट्यावर गारगोटीचा आणि कोल्हापूरचा रस्ता सोडून आम्ही राधानगरीकडं लागलो. इथून पुढं लेक बोलायला लागली. तिला विचारूनच हे सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून घरी आली. कागदोपत्री सगळं मिटलं, भांडीकुंडी परत आली. पण तिथं काय झालं, हे तिनं घरात कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ. स्वयंपाकघरात बोललेलं सोप्यात ऐकू येतं. शिवाय समोरासमोर बसून आईच्या डोळ्यांत बघत अशा गोष्टी निघत नाहीत. गाडीत दोघींची तोंडं रस्त्याकडं. वळण आलं की ती थांबायची, गिअर बदलायची, पुन्हा तिथूनच सुरू करायची. मी ‘हं’ म्हणण्यापलीकडं काही केलं नाही. काय बोलली ते मात्र मी सांगणार नाही, ते तिचं आहे.

राधानगरीला धरणाजवळ थांबलो. पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा जीव या धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांवर टांगलेला असतो. किती उघडले, किती मिटले, यावर पंचगंगेचं पाणी मोजायचं. नोव्हेंबरात मात्र सगळं शांत. हे धरण शाहू महाराजांनी मनावर घेतलं, पण ते १९२२ साली गेले तेव्हा काम अपुरं होतं. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. सगळ्यांना हे ठाऊक असतं. नावांकडं मात्र फार कुणी बघत नाही. तलावाला नाव महाराणी लक्ष्मीबाईंचं आणि गावाला त्यांच्या लेकीचं, राधाबाईंचं. म्हणजे इथं आईचं पाणी आणि काठावर लेकीचं गाव.

या राधाबाई म्हणजे अक्कासाहेब महाराज. १९०८ साली देवासच्या तुकोजीराव पवारांशी त्यांचं लग्न झालं. मोठं घराणं, मोठा थाट. पण तो संसार टिकला नाही. काही वर्षांतच त्या कोल्हापूरला परत आल्या, त्या पुन्हा नांदायला गेल्या नाहीत. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक पुढं देवासला महाराजांचा चिटणीस होता. त्याच्या पुस्तकात देवासच्या या घरातल्या बेबनावाविषयी येतं. त्यात मला रस कमी. मला अप्रूप वाटतं ते याचं, की मुलगी परत आली म्हणून गावाचं नाव कुणी बदललं नाही. आणि १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले ते याच अक्कासाहेबांचे चिरंजीव, शहाजी महाराज.

हे सगळं मी लेकीला सांगितलं तेव्हा ती कठड्याला टेकून पाण्याकडं बघत होती. ‘हे तू मला दोन वर्षांत कधी सांगितलं नाहीस,’ एवढंच म्हणाली.

‘इथं आलोच कुठं होतो?’

दाजीपूरच्या जंगलात गवे दिसतील म्हणून गाडी हळू घेतली. एकही दिसला नाही. गव्यांचं अभयारण्य म्हणून प्रसिद्ध, पण गव्यांना ते कुणी सांगितलेलं नसावं. चपाती-भाजी रस्त्याकडेला बसून खाल्ली. एक जीपवाला थांबला, ‘गाडी बंद पडली का ताई?’ विचारून गेला. दोन बायका रस्त्याच्या कडेला म्हणजे काहीतरी बिघडलेलंच असणार, असं लोक भल्या मनानं धरून चालतात.

फोंडा घाटाच्या तोंडाशी आलो. खाली कोकण धुरकट निळं पसरलेलं. ठरलं होतं ते इथवरच येऊन मागं फिरायचं. इतक्यात घरून फोन आला. ह्यांचा.

‘कुठं पोचलात? काय काम झालं का?’

फोन स्पीकरवर होता. लेकीनं माझ्याकडं बघितलं. हाच रस्ता घाट उतरून पुढं देवगडला समुद्रापर्यंत जातो, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं.

‘अजून नाही,’ मी म्हटलं. ‘उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या.’

तिनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि घाट उतरायला लागली.