पाचशे प्रती आणि एक राष्ट्र



राष्ट्राची संस्कृती राजदरबारात किंवा रणांगणावर घडते, असा आपला समज असतो. आज आम्ही आपणांस एका लहानशा मंडळाची हकीकत सांगणार आहोत. देश फिनलंड, नगर हेलसिंकी, साल १८३१.

त्या देशावर १८०९ पासून रशियाच्या झारची सत्ता होती. सुशिक्षितांची भाषा स्वीडिश. फिनी भाषा उरली होती ती शेतकऱ्याच्या घरात. अशा काळी विद्यापीठातील काही मंडळींनी फिनी साहित्य मंडळ स्थापन केले. गंमत अशी, की या मंडळाचे इतिवृत्त प्रारंभी स्वीडिशमध्येच लिहिले जाई! आपण हसू नये. आमच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ साली त्रैमासिक काढले, तेही इंग्रजीत.

मंडळाचे पहिले चिटणीस एलियास ल्योनरूट हे एका शिंप्याचे चिरंजीव, पुढे वैद्य झालेले. गाणी गोळा करण्यासाठी ते खेडोपाडी पायी हिंडले. १८३४ साली कारेलियातील लात्वायार्वी गावी आर्हिप्पा पेर्तुनेन या वृद्ध शेतकऱ्याने त्यांस आपले भांडार मोकळे करून दिले. अशा गाण्यांतून १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध झाले. प्रती छापल्या पाचशे, आणि त्या खपावयास दहाहून अधिक वर्षे लागली! १८५० साली तर धर्म आणि शेती-व्यवसाय यांखेरीज अन्य विषयांवर फिनीत छापण्यास सरकारने बंदी घातली. तरी मंडळ टिकले. आणि १८६३ साली फिनीस वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचा हुकूम निघाला.

मात्र एक गोष्ट आमच्या मनास टोचते. पेर्तुनेनचे गाव फिनलंडच्या सरहद्दीपलीकडे, रशियात होते. राष्ट्रास महाकाव्य मिळाले. गाणाऱ्यास काय मिळाले? जात्यावर ओव्या गाणाऱ्या आमच्या मायबहिणींविषयीही हाच प्रश्न आहे. त्यांच्या ओव्या आम्ही छापल्या. त्यांची नावे किती ठिकाणी छापली?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांस शहाणे करण्यासाठी. परंतु लोकांपाशीही शहाणपण असते. देणाऱ्याचे नाव ज्या मंडळाच्या वहीत राहते, तेच राष्ट्राचे खरे मंडळ, असे आम्हांस वाटते.