पैशाच्या गुन्ह्याची कादंबरी आणि शहापूर-मुरबाडचे वाचक

विश्वास पाटील यांची ‘लस्ट फॉर लालबाग’ ही कादंबरी २०१५ साली आली. गिरणी संपानंतरचं मुंबईतलं गिरणगाव, गिरण्यांच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला पैसा, त्या पैशाभोवती जमलेल्या टोळ्या आणि पुढारी, असा तिचा पसारा. पुस्तक चांगलं जाडजूड आहे. तरी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फिरताना ते वाचलेली माणसं मला भेटत गेली. कुणी आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये वाचलं होतं, कुणी कल्याणच्या एसटीत, कुणी भाताची झोडणी उरकल्यावर मिळालेल्या रिकाम्या दिवसांत. त्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. काहींची तर पार विरुद्ध आहेत. आज त्या मतांविषयीच बोलणार आहे.

मुरबाडकडचे एक आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांनी संपाची पानं दोनदा वाचली आणि टोळ्यांची पानं भराभर उलटली. त्यांना त्यात रस नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबा सांगतात, त्याआधी मुंबईहून गावाला मनीऑर्डर यायची. संपात गावाहून मुंबईला तांदूळ आणि नाचणी जायला लागली. कादंबरीतली भूक त्यांना खरी वाटली. त्यांचा नातू जमिनीच्या व्यवहारांत असतो. त्याला भूक कंटाळवाणी वाटली आणि टोळीवाल्यांचा रुबाब आवडला. एकाच घरात, एकाच पुस्तकाविषयी हे असं. आजोबांना नातवाच्या आवडीचं दुःख झालेलं दिसत होतं, आणि ते मला समजतं.

शहापूरच्या एका शिक्षिकाबाईंची तक्रार पुस्तकाच्या नावापासूनच सुरू होते. असलं नाव असलेलं पुस्तक शाळेच्या कपाटात कसं ठेवायचं? त्यापुढे त्यांचा मुद्दा गंभीर आहे. त्या म्हणतात, गुन्हेगारावर इतकी पानं खर्च केली की वाचणाऱ्या मुलाला तोच नायक वाटतो, मग लेखकाचा हेतू काहीही असो. बचत गटाच्या एका ताईंना वेगळंच कमी वाटलं. गिरणगाव जगवलं ते खानावळी चालवणाऱ्या बायकांनी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. त्यांच्याबद्दल आणखी वाचायला मिळायला हवं होतं, असं ताईंचं म्हणणं.

आणि एक मत सगळीकडे ऐकू येतं: हे सगळं फुगवून सांगितलंय. इतके खून, इतका पैसा, इतके विकले गेलेले लोक, खरोखर असं असतं का?

याला मी स्पष्ट उत्तर देतो. असतं. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात गोळ्या घातल्या, आणि त्यामागे गिरणीच्या जमिनीचा वाद होता. १६ जानेवारी १९९७ ला खुद्द दत्ता सामंत मारले गेले. तीन दशकांच्या आतल्या या घटना आहेत, आणि एवढंच असतं तरी एका मोठ्या कादंबरीला पुरलं असतं.

पण सर्वांत मोठी उलथापालथ पिस्तुलाविना झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाचा. २००१ मध्ये त्या नियमाचा मजकूर बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची करायची नाही, फक्त जी जमीन आधीपासून मोकळी असेल तिचीच करायची, असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! जवळजवळ सहाशे एकरांचा प्रश्न होता. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. म्हणजे कायद्याने यात गुन्हा काहीच नाही. मुंबईकरांच्या मैदानांचा आणि घरांचा केवढा वाटा मात्र एका दुरुस्तीत गेला.

शहापूर-मुरबाडचा वाचक मला महत्त्वाचा वाटतो तो इथे. किन्हवलीच्या बाजूचा एक शेतकरी मला म्हणाला, “गोळी कुणी झाडली ते पुस्तकात कळतं हो. आमच्याकडं कागद कुणी फिरवला, तेच कळत नाही.” पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत मला हे वाक्य मिळालं नव्हतं.

या माणसांनी काय पाहिलंय ते आठवून बघा. तानसा धरण १८९२ चं. मग वैतरणा, मग भातसा. एकटं भातसाच मुंबईला जवळजवळ निम्मं पाणी देतं. त्या धरणांच्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, आणि भातसाच्या धरणग्रस्तांच्या मागण्या वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. मुरबाडला काळू धरणाचं काम वनखात्याची मंजुरी नसतानाच सुरू झालं होतं. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सिंचन प्रकल्पांच्या निविदांची चौकशी केली, त्यात काळूचंही प्रकरण आलं. अलीकडचा विषय समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. जमिनीला मोठा मोबदला मिळाला. त्याबरोबर हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची घाई आली, भाऊ-भाऊ कोर्टात गेले, आणि रस्त्याची आखणी जाहीर होण्याआधी कुणी कुठे जमिनी घेतल्या याची चर्चा चावडीवर आजही चालते.

शहापूर हा आदिवासींचा तालुका आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. १९७४ च्या कायद्याने गेलेल्या जमिनी परत मिळवायची वाटही ठेवली. तरी जमीन एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याचा आणि ताबा तिसऱ्याचा, असले व्यवहार इथल्या लोकांना नवे नाहीत. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, फेरफार हे शब्द इथली शाळा न शिकलेली म्हातारीसुद्धा बिनचूक वापरते. कारण तिला ते शिकावे लागलेत.

असा वाचक गुन्हेकथा वाचायला बसतो तेव्हा त्याला थरार पुरत नाही. त्याला हिशेब हवा असतो: नोंद कुणाच्या सहीने झाली, नोटीस कुणाच्या हाती पडली, पैसा शेवटी कुणाच्या घरी गेला. म्हणून ‘फुगवून सांगितलंय’ आणि ‘अजून खोलात जायला हवं होतं’ ही दोन्ही मतं मला या भागात एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाली. मला त्यात विसंगती वाटत नाही. बंदुका जास्त झाल्या आणि कागद कमी पडले, असं तो सांगतोय.

विश्वास पाटलांनीच १९९१ मध्ये ‘झाडाझडती’ लिहिली. धरणाने उठवलेल्या माणसांची ही कादंबरी, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शहापूर-मुरबाडमध्ये ‘झाडाझडती’बद्दल मी कुणाकडून ‘फुगवलेली’ हा शब्द ऐकला नाही. तिच्यातल्या खैरमोडे गुरुजींची पायपीट लोक स्वतःच्या गावातली असल्यासारखी सांगतात. त्या कादंबरीत थरार कमी आहे, पण कचेरीचे उंबरठे झिजवणं जसंच्या तसं आहे. माझ्या मते दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचावीत, आणि आधी ‘झाडाझडती’ वाचावी. मग लालबागच्या श्रीमंतीची मुळं कुठवर जातात ते दिसू लागतं. मुंबईच्या उंच इमारतींतल्या नळाला येणारं पाणी शहापूरच्याच डोंगरांतून जातं.

शिक्षिकाबाईंच्या तक्रारीकडे मात्र मी दुर्लक्ष करू शकत नाही. नातवाला टोळीवाला आवडला, ही गोष्ट मलाही खटकते. पण त्यासाठी पुस्तक कपाटात कुलूपबंद करू नये. त्या मुलाबरोबर बसावं, नियम ५८ काय होता ते समजावून सांगावं, आजोबांना बोलतं करावं. पिस्तूलवाल्यांपैकी कितीजण म्हातारे झाले आणि जमिनीचे मालक शेवटी कोण झाले, हे त्याने स्वतः शोधून काढावं. जमिनीच्या व्यवहारातला मुलगा आहे, त्याला हे शोधणं जमेल.

आता एक मागणी, आणि ती मी ठाणे जिल्ह्यातल्या लिहित्या तरुणांकडे करतो आहे. पैशाच्या गुन्ह्याची आपल्या भागातली कादंबरी अजून लिहून व्हायची आहे. ती आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी बोलींत बोलणाऱ्या माणसांची असेल. काळूपासून सुरुवात करा. न्यायालयातले कागद आहेत, ते मागवता येतात. माहितीचा अधिकार आहे. लढ्यात असलेल्या बायका-माणसं गावात आहेत, त्यांना सनावळ्या तोंडपाठ आहेत. तलाठी कार्यालयातल्या फेरफाराच्या नोंदी वाचायला शिका, आणि ते शिकवायला किन्हवलीचे ते शेतकरी आनंदाने वेळ देतील. खर्डा तयार झाला की आधी याच वाचकांना द्या. ते चुका काढतील, नावं बदलायला सांगतील, एखादं प्रकरण पूर्ण खोडायला लावतील.